दिवाणजींच्या मशीनवर चालतं, शेठच्या लॅपटॉपवर नाही: एक्सेल मॅक्रोचं घोडं नेमकं कुठं अडतं

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे जोरात असले की मला येणाऱ्या फोनचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "सर, हितं चालतंय की ओ, शेठच्या लॅपटॉपवर घेतलं की बंद!" अडत दुकानांच्या शेतकरी पट्ट्या (शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाचे कागद), तासगावच्या बेदाणा व्यापाऱ्यांची बिलं आणि विश्रामबागेतल्या दोन-तीन कर सल्लागारांची बँक स्टेटमेंट, या सगळ्यांचे एक्सेलचे मॅक्रो, म्हणजे बटण दाबलं की ठरलेलं काम आपोआप करणारे कोड, मी सांभाळतो. माझ्याकडची निम्मी दुरुस्ती म्हणजे हेच एक वाक्य.

फाइल एकच असते, हे खरं. पण मॅक्रो चालताना बऱ्याच गोष्टी फाइलच्या बाहेरून घेतो. तारीख कशी वाचायची ते विंडोज सांगतं. कुठली फंक्शन्स आहेत ते ऑफिसच्या आवृत्तीवर ठरतं. प्रिंटर, फोल्डर, जोडलेल्या लायब्ररी (मॅक्रो वापरतो ते तयार कोडचे संच) हे सगळं त्या त्या मशीनचं असतं. फाइल कॉपी केली की फाइल जाते, हे काही तिच्याबरोबर जात नाही. वजनकाटा चांगला असून भागत नाही, खालची फरशीही सपाट लागते, तसलाच प्रकार.

एक आधीच सांगतो. कोडमधले आणि मेनूतले शब्द मी इथं देवनागरीत लिहिलेत. मशीनवर ते इंग्रजीतच दिसतील आणि कोड इंग्रजीतच टाइप करायचा आहे.

आधी लक्षण नीट बघा

"एरर आला" एवढं सांगून कुणालाच काही कळत नाही. तुमच्याकडे यातलं काय होतंय ते ओळखा:

- बटण दाबलं तर काहीच होत नाही, किंवा वर पिवळी नाहीतर लालसर पट्टी येते.
- मॅक्रो पूर्ण चालतो, पण काही तारखा उलट्या पडतात. 5 एप्रिलची पट्टी 4 मे ची होते.
- "सबस्क्रिप्ट आउट ऑफ रेंज" म्हणजे एरर 9, किंवा नुसताच एरर 1004 येतो.
- "कांट फाइंड प्रोजेक्ट ऑर लायब्ररी" असा संदेश येतो आणि अगदी साध्या शब्दावर, लेफ्ट किंवा ट्रिमवर, निळी पट्टी उभी राहते.
- 64 बिटचा उल्लेख असलेला लांबलचक इंग्रजी संदेश येतो.
- संदेशाच्या चौकटीत मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसतात.
- कालपर्यंत चालत होतं, आज त्याच मशीनवर आकडे बदलत नाहीत.

संदेशाचा मोबाइलवर पूर्ण फोटो काढा, आकड्यासकट. त्या चौकटीत "डीबग" बटण असेल तर ते दाबा आणि कोडची पिवळी झालेली ओळही फोटोत घ्या. "एंड" दाबून पुरावा पुसून टाकू नका. मग फाइलची एक प्रत काढून ठेवा आणि पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवरच करा. हे न ऐकल्यामुळं एका दुकानात अख्ख्या दिवसाच्या पट्ट्या दोनदा नोंदल्या गेल्या होत्या. निस्तरताना रात्रीचे अकरा वाजले.

1. फाइल कसली आहे आणि कशात उघडली आहे

हे बघायला अर्धं मिनिट लागतं. फाइलच्या नावाच्या शेवटी एक्सएलएसएम किंवा एक्सएलएसबी (जुन्या फाइलींत एक्सएलएस) असायला हवं. कुणी "सेव्ह ॲज" करताना साधं एक्सएलएसएक्स निवडलं, तर एक्सेल एकदा विचारतं आणि "येस" म्हटलं की सगळे मॅक्रो टाकून देतं. बटण मात्र शीटवर तसंच दिसत राहतं. त्यामुळं माणूस तासभर बटणच दाबत बसतो. अशी फाइल दुरुस्त होत नाही, जुनी प्रत शोधावी लागते.

मोबाइलवरच्या आणि ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये व्हीबीए (मॅक्रो ज्या भाषेत लिहितात ती) मॅक्रो चालतच नाहीत. लिब्रेऑफिसमध्ये थोडेफार चालतात, भरवसा धरता येत नाही. शेठ रेल्वेतून मोबाइलवर पट्टी काढायचं म्हणत असतील तर त्यांना नम्रपणे नाही म्हणा.

मॅक्रो या फाइलमध्येच आहे ना, हेही बघा. रेकॉर्ड करताना "पर्सनल मॅक्रो वर्कबुक" निवडलं असेल तर तो त्या मशीनच्या पर्सनल डॉट एक्सएलएसबी या फाइलमध्ये बसतो. दुसऱ्या मशीनवर तो जाणार कसा?

2. विंडोजनं फाइल अडवली आहे का

पिवळी पट्टी आली आणि तिच्यावर "एनेबल कंटेंट" असेल तर प्रश्न लगेच सुटतो. फाइल आपली असल्याची खात्री करून ते दाबा.

लालसर पट्टीवर "सिक्युरिटी रिस्क" लिहिलेलं असतं आणि चालू करायचं बटणच नसतं. मायक्रोसॉफ्टनं फेब्रुवारी 2022 मध्ये जाहीर केलं आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धात लागू केलं, की इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो यापुढं मुळातच बंद राहतील. त्या काळात माझा फोन दोन महिने गरम होता. दुकानदारांचं म्हणणं एकच, "आम्ही काहीच केलं नाही, आपोआप बंद पडलं." ते खरंच बोलत होते.

आता यातली गंमत. दिवाणजींनी फाइल मेलनं पाठवली तर ती अडते, पेनड्राइव्हनं दिली तर चालते. फाइल अगदी तीच! ब्राउझरनं फाइल उतरवली की विंडोज तिच्यावर "ही बाहेरून आली" असा न दिसणारा शिक्का मारतं. तो फाइलच्या आत नसतो. डिस्कच्या एनटीएफएस या रचनेत तो फाइलला चिकटलेला असतो. बहुतेक पेनड्राइव्ह फॅट32 नाहीतर एक्सफॅट असतात. त्यांच्यावर त्या शिक्क्याला जागाच नाही, म्हणून वाटेत तो गळून पडतो. हे एकदा कळलं की "कधी चालतं, कधी नाही" यातलं बरंचसं गूढ संपतं.

उपाय असा. एक्सेल बंद करा, फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, जनरल टॅबच्या तळाशी "अनब्लॉक" असेल तिथं टिक करून ओके म्हणा. झिप आली असेल तर आधी झिपच अनब्लॉक करा आणि मग सोडवा. विंडोजनं झिप सोडवली तर आतल्या फाइलींनाही तोच शिक्का लागतो.

फाइल रोज येत असेल तर तिच्यासाठी एक वेगळं फोल्डर करा. फाइल, ऑप्शन्स, ट्रस्ट सेंटर, ट्रस्ट सेंटर सेटिंग्ज, ट्रस्टेड लोकेशन्स या वाटेनं जाऊन ते फोल्डर विश्वासाच्या यादीत घाला. डाउनलोड्स फोल्डर किंवा अख्खी डी ड्राइव्ह मात्र त्या यादीत घालू नका. आणि "एनेबल ऑल मॅक्रोज" हा पर्याय कुणी कितीही आग्रहानं सुचवला तरी निवडू नका. दुकानाचं दार काढून ठेवून कुलपाचा त्रास वाचवल्यासारखं होईल ते.

3. एक्सेल पूर्ण बंद करा आणि ही एकच फाइल उघडा

हसू नका. कालपर्यंत चालत होतं आणि आज आकडे बदलत नाहीत, यात बहुतेक वेळा हेच कारण निघतं.

वेग वाढावा म्हणून मॅक्रो सुरुवातीला आकडेमोड "मॅन्युअल" करतो आणि "एनेबल इव्हेंट्स" बंद करतो. मध्येच एरर येऊन माणसानं "एंड" दाबलं की ते परत चालू करायची ओळ येतच नाही. इव्हेंट्स बंद राहिले की वजन टाकल्यावर आपोआप हमाली-तोलाई भरणारा कोड गप्प बसतो, एक्सेल बंद करून उघडेपर्यंत. आकडेमोडीचं तर त्याहून विचित्र. एक्सेल सुरू केल्यावर जी फाइल पहिली उघडाल, तिचीच पद्धत पुढं उघडणाऱ्या सगळ्या फाइलींना लागू होते. सकाळी आधी दुसऱ्या कुणाची "मॅन्युअल" फाइल उघडली की तुमच्या पट्टीची बेरीजही थांबते. फॉर्म्युलाज टॅबमध्ये कॅल्क्युलेशन ऑप्शन्स "ऑटोमॅटिक" आहे ना, ते बघा.

दुसरं, सोबत आणखी किती फाइली उघड्या आहेत? कोडमध्ये ॲक्टिव्ह वर्कबुक, ॲक्टिव्ह शीट, सिलेक्शन असले शब्द असतील, तर मॅक्रो समोर असेल त्या फाइलवर काम करतो. दिवाणजी एकच फाइल उघडतात, त्यांच्याकडे चालतं. शेठ पाच उघडतात, त्यांच्याकडे चुकतं. कधी एरर येतो आणि कधी, याहून वाईट, न बोलता दुसऱ्याच फाइलमध्ये लिहून मोकळा होतो. एकटी फाइल उघडल्यावर नीट चाललं तर दुखणं सापडलं. कोडमध्ये त्या जागी थिस वर्कबुक आणि शीटचं नाव लिहायचं.

4. तारीख

इथं मी जरा जास्त रेंगाळणार आहे. बाकीचे दोष काम अडवतात म्हणून लगेच लक्षात येतात. हा दोष काम अडवत नाही, चुकीचं काम पूर्ण करतो.

नवा लॅपटॉप घेतला की विंडोजची मांडणी बऱ्याचदा अमेरिकन असते, आधी महिना आणि मग दिवस. आपल्याकडं आधी दिवस. फॉर्ममध्ये टाइप केलेली तारीख हा कोडसाठी नुसता मजकूर असतो, आणि सीडेट हे फंक्शन त्या मजकुराची तारीख करताना विंडोजच्या प्रांतीय मांडणीकडं बघतं. म्हणून 05/04/2024 दिवाणजींच्या मशीनवर 5 एप्रिल असते आणि शेठच्या लॅपटॉपवर 4 मे.

एवढंच असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. पण 13/04/2024 टाकली की तेरावा महिना नसतो, म्हणून व्हीबीए मुकाट्यानं उलटं वाचून 13 एप्रिल बरोबर घेतं. म्हणजे महिन्याच्या 1 ते 12 तारखा चुकतात आणि 13 पासून पुढच्या सगळ्या बरोबर येतात. त्यातही 4 एप्रिल बरोबरच निघते, कारण 4/4 उलटं केलं तरी तेच. तपासणारा नेमकी 20 तारखेची पट्टी बघतो आणि "ठीक आहे की" म्हणून जातो.

एका अडत दुकानात खरेदीदारांकडून किती दिवसांनी पैसे आले ते या फाइलवरून काढत होते. उशीर झाला तर व्याज. पहिल्या बारा दिवसांतल्या सौद्यांचे दिवस कुणाचे कमी, कुणाचे चक्क उणे. खरेदीदारांशी वाद झाला तेव्हा कुठं कळलं. तोवर अर्धा हंगाम उलटून गेला होता.

तुमच्याकडं हेच आहे का, ते बघायला काहीही लागत नाही. 1 ते 12 आणि 13 ते 31 अशा दोन गटांतल्या दहा-दहा नोंदी मूळ कागदी पट्टीशी ताडून बघा. पहिला गटच चुकत असेल तर पुढं शोधायची गरज नाही.

लगेचचा उपाय म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेजखाली प्रांतीय मांडणी इंग्लिश, इंडिया करणं आणि एक्सेल पुन्हा सुरू करणं. पण आधीच चुकीच्या पडलेल्या तारखा त्यानं सुधारत नाहीत, त्या हातानंच बघाव्या लागतात. कायमचा उपाय कोडमध्ये आहे. मजकुराचे तुकडे करून डेट सिरियल या फंक्शनला वर्ष, महिना, दिवस असे वेगवेगळे द्यायचे. मग मशीन अमेरिकन असो की मिरजेचं, तारीख एकच येते.

याचीच तीन पिल्लं आहेत.

पहिलं, बँकेची सीएसव्ही फाइल, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साध्या मजकुराची फाइल. ती हातानं दोनदा क्लिक करून उघडली तर तारखा बरोबर, मॅक्रोनं उघडली तर उलट्या, तेही एकाच मशीनवर. कारण व्हीबीएतून सीएसव्ही उघडताना, वेगळं सांगितलं नाही तर, अमेरिकन पद्धत धरली जाते. वर्कबुक्स डॉट ओपनला "लोकल" हा पर्याय "ट्रू" द्यायचा. कर सल्लागारांच्या ऑफिसात हा एक शब्द घालून मी चहा पिऊन परत आलोय.

दुसरं, फाइलच्या नावातली तारीख. "पट्टी" या शब्दाला आजची तारीख जोडून पीडीएफ काढणारे खूप जण आहेत. विंडोजचं तारखेचं चिन्ह आडवी रेघ असेल तर चालतं, तिरपी रेघ असेल तर एरर 1004. फाइलच्या नावात तिरपी रेघ चालत नाही ना! आणि फॉरमॅटमध्ये तुम्ही स्वतः तिरपी रेघ लिहिली, तरी व्हीबीए तिच्या जागी त्या मशीनचं चिन्ह घालतं. म्हणून तिरप्या रेघेवर तारखेचे तुकडे करणारा कोडही दुसऱ्या मशीनवर एरर 9 देतो. नावात चिन्हच ठेवू नका, वर्ष-महिना-दिवस सलग आकड्यांत लिहा: 20240405.

तिसरं, आकड्यांतले स्वल्पविराम. 1,23,456 की 123,456 हेही विंडोजच ठरवतं. नुसतं दिसण्यापुरतं असेल तर सोडून द्या. पण व्हॅल हे फंक्शन पहिल्या स्वल्पविरामाशी थांबतं. त्याला 1,23,456 दिलं की उत्तर येतं 1. सव्वा लाखाच्या पट्टीचा एक रुपया! त्याऐवजी सीडबल हे फंक्शन वापरा. आणि सेलमधून वाचताना "टेक्स्ट" कधी घेऊ नका, "व्हॅल्यू" घ्या. स्तंभ अरुंद असला तर "टेक्स्ट" म्हणून नुसती #### अशी चिन्हं हाती येतात, आणि दुसऱ्या स्क्रीनवर फाँट थोडा रुंद बसला तरी स्तंभ अरुंद पडतो.

5. फोल्डर आणि प्रिंटर

कोडमध्ये सी ड्राइव्हपासूनचा पूर्ण पत्ता लिहिलेला असेल आणि त्यात कुणाच्या युजरचं नाव असेल, तर तो फक्त त्याच माणसाच्या मशीनवर चालणार. झेड ड्राइव्ह असं लिहिलं असेल तर सगळ्या मशीनवर झेड म्हणजे तोच सर्व्हर आहे का, ते बघा. सर्वांत फसवा प्रकार वनड्राइव्हचा. नव्या लॅपटॉपवर डेस्कटॉप बऱ्याचदा वनड्राइव्हमध्ये असतो. अशा ठिकाणच्या फाइलला "तुझा पत्ता काय" विचारलं, तर ती फोल्डरऐवजी वेबचा पत्ता सांगते आणि पुढचा सगळा कोड कोसळतो. फाइल वनड्राइव्हच्या बाहेर, साध्या फोल्डरमध्ये ठेवून चालवून बघा. चालली तर कारण कळलं.

प्रिंटरचं नाव कोडमध्ये लिहिलं असेल तर नावाबरोबर पोर्टचा क्रमांकही लागतो आणि तो प्रत्येक मशीनवर वेगळा असू शकतो. प्रिंटर निवडायची ओळ काढून टाका, विंडोजचा डीफॉल्ट प्रिंटरच वापरू द्या. बंद असलेला नेटवर्क प्रिंटर डीफॉल्ट असेल तर पेज सेटअपच्या ओळी गोगलगाईसारख्या चालतात. मॅक्रो अडकला असं वाटतं, पण तो बिचारा प्रिंटरला हाका मारत असतो.

6. ऑफिसची आवृत्ती

फाइल, अकाउंट, अबाउट एक्सेल इथं आवृत्ती आणि ऑफिस 32 बिट की 64 बिट प्रकारचं आहे ते कळतं. दोन्ही मशीनचं लिहून घ्या.

एक्सलुकअप आणि फिल्टर ही फंक्शन्स एक्सेल 2021 आणि मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये आहेत, 2019 मध्ये नाहीत. जुन्या मशीनवर ती "नेम" एरर देतात. जुनं मशीन एक जरी असलं तरी इंडेक्स-मॅच वापरा, दिसायला जुनाट असलं तरी सगळीकडं चालतं.

एक्सेल 2010 पर्यंत नवी फाइल तीन शीटची असायची, 2013 पासून एकच. नवी फाइल काढून "शीट2" मध्ये लिहिणारा जुना कोड नव्या मशीनवर एरर 9 देतो. शीट कोडनंच वाढवायची, झालं.

7. मराठीची प्रश्नचिन्हं

व्हीबीएचा संपादक, म्हणजे कोड लिहायची खिडकी, युनिकोड (सगळ्या भाषांची अक्षरं सामावणारी पद्धत) जाणत नाही. त्यात देवनागरी चिकटवली की प्रश्नचिन्हं होतात, आणि नेहमीच्या मेसेज बॉक्सलाही देवनागरी दाखवता येत नाही. विंडोज पुन्हा टाकून हे सुटत नाही. तेवढ्यासाठी एकाला मशीन फॉरमॅट करायला लावलेलं मी पाहिलंय. मराठी मजकूर एका लपवलेल्या शीटच्या सेलमध्ये ठेवा आणि तिथून फॉर्मच्या लेबलवर आणा, तिथं तो नीट दिसतो.

शीटवरच मराठीच्या जागी अगम्य इंग्रजी अक्षरं दिसत असतील तर तो वेगळा आजार. ती फाइल जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेली आहे आणि तो फाँट या मशीनवर नाही. फाँट टाका. पुढचं टाइपिंग तरी युनिकोडमध्ये करा.

8. हरवलेली लायब्ररी

इथून पुढं कोडला हात लावावा लागतो. सवय नसेल तर हरवलेल्या लायब्ररीचं नाव शोधण्यापर्यंतच करा आणि थांबा.

"कांट फाइंड प्रोजेक्ट ऑर लायब्ररी" आला की दाखवलेली ओळ बघत बसू नका, त्या ओळीचा काही दोष नसतो. ऑल्ट एफ11 दाबा, मॅक्रो थांबलेल्या अवस्थेत असेल तर आधी रीसेट करा, मग टूल्समधून रेफरन्सेस उघडा. यादीत एखाद्या नावापुढं "मिसिंग" लिहिलेलं दिसेल. एक लायब्ररी हरवली की व्हीबीए गोंधळून साधे शब्दही ओळखेनासं होतं.

हे होतं कसं? फाइल नव्या ऑफिसच्या मशीनवर उघडून सेव्ह केली की आउटलुक किंवा वर्डची लायब्ररी गुपचूप नव्या आवृत्तीची होते. परत जुन्या मशीनवर आणली की ती आवृत्ती तिथं नसते. वर चढते, खाली उतरत नाही. त्यामुळं रोज दोन मशीनवर फिरणारी फाइल नेहमी जुन्या मशीनवर पडते आणि दोष जुन्या मशीनला लागतो.

नाव लिहून घ्या, टिक काढा, डीबगमधून कंपाइल करा. काही तक्रार आली नाही तर ती लायब्ररी लागतच नव्हती. तक्रार आली तर क्रिएट ऑब्जेक्टनं ऐनवेळी जोडायची पद्धत वापरावी लागते. त्यात आउटलुकची ठरावीक नावं चालत नाहीत, त्यांच्या जागी आकडे लिहावे लागतात. आणि मेल पाठवणारा मॅक्रो एरर 429 देत असेल तर त्या मशीनवर "नवा आउटलुक" आहे का बघा. तो मॅक्रोकडून हुकूम घेत नाही, जुना आउटलुक लागतो.

9. 64 बिट आणि बाहेरची बटणं

ऑगस्ट 2019 च्या महापुरात गणपती पेठेत पाणी शिरलं. माझ्या ओळखीच्या बऱ्याच दुकानदारांच्या फाइली पेनड्राइव्हवर वाचल्या, संगणक वाचले नाहीत. दिवाळीच्या सुमारास नवी मशीन आली आणि सगळ्यांचे मॅक्रो एकाच ओळीवर अडले. जुन्या मशीनवर 32 बिटचं ऑफिस होतं. ऑफिस 2019 पासून मुळातच 64 बिटचं बसतं.

कोडच्या अगदी वर "डिक्लेअर" नं सुरू होणाऱ्या ओळी असतात, विंडोजची फंक्शन्स थेट बोलावणाऱ्या. 64 बिटमध्ये त्यांना "पीटीआरसेफ" हा शब्द लागतो. इंटरनेटवर "हा शब्द घाला, झालं" असं लिहिलेलं सापडेल. तेवढ्यानं संदेश जातो, दुखणं जाईलच असं नाही. विंडोजच्या खिडकीचा हँडल किंवा मेमरीचा पत्ता ठेवणारे आकडे "लाँग" चे "लाँगपीटीआर" करावे लागतात. ते राहिलं तर एक्सेल काही न सांगता मिटतं. आणि पीटीआरसेफ ऑफिस 2007 ला कळतच नाही, म्हणून तसलं मशीन अजून वापरात असेल तर दोन्ही प्रकारच्या ओळी अटीसह ठेवाव्या लागतात.

एक सोपी पळवाट बघा. ती डिक्लेअर ओळ नुसत्या "स्लीप" साठी, म्हणजे दोन सेकंद थांबण्यासाठी असेल, तर ती काढून ॲप्लिकेशन डॉट वेट वापरा. मला भेटलेल्या बऱ्याच फाइलींत एवढंच होतं.

फॉर्मवर तारीख निवडायचं छोटं कॅलेंडर असेल आणि 64 बिटवर फॉर्मच उघडत नसेल, तर त्यात शोधाशोध करू नका. मायक्रोसॉफ्टचा तो जुना डेट पिकर 64 बिट ऑफिससाठी नाहीच. साधा टेक्स्टबॉक्स लावा. शीटवरची ॲक्टिव्हएक्स बटणंही आता अडू लागली आहेत, कारण ऑफिस 2024 मध्ये ॲक्टिव्हएक्स मुळातच बंद ठेवलंय. त्यांच्या जागी "फॉर्म कंट्रोल" मधलं साधं बटण टाका. दिसायला भोळं असतं, पण चालतं.

इथं हात थांबवा

चुकीच्या तारखांनी किंवा आकड्यांनी व्याज, कमिशन, कर यांचा हिशेब आधीच झाला असेल तर मॅक्रो दुरुस्त करायच्या आधी फाइलची प्रत बाजूला काढा आणि तुमच्या हिशेबनिसाला नाहीतर सीएला दाखवा. कोड नंतर. घाईनं सगळ्या तारखा एका झटक्यात उलटवणारा मॅक्रो लिहाल तर बरोबर असलेल्याही उलटतील.

मशीन बँकेचं, पतसंस्थेचं किंवा सरकारी कचेरीचं असेल आणि मॅक्रो "ॲडमिनिस्ट्रेटरनं बंद केलेत" असं दिसत असेल, तर ते मुद्दाम केलेलं असतं. पळवाट शोधू नका, त्यांच्या संगणक विभागाला लेखी कळवा.

अँटिव्हायरसनं फाइलचं नाव घेऊन धोका सांगितला, तर अँटिव्हायरस बंद करून चालवून बघू नका. मशीन नेटवरून काढा आणि जाणत्या माणसाला बोलवा.

कोडला पासवर्ड आहे आणि लिहिणारा माणूस गाव सोडून गेला आहे, डिक्लेअरच्या ओळी डझनभर आहेत, किंवा मॅक्रो थेट हिशेबाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी टाकतो, ही तिन्ही कामं पैसे देऊन करून घ्यायची आहेत. बोलावलेला माणूस आला की त्याच्यापुढं संदेशाचा फोटो, दोन्ही मशीनची आवृत्ती आणि बिट, आणि "काय केल्यावर होतं" एवढं ठेवा. त्याचा अर्धा तास वाचतो आणि तुमचं बिलही.

बोलवायचंच असेल तर सौदे सुरू व्हायच्या आधी बोलवा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मी फोन उचलतो, पण माझ्या आवाजावरून राग मानू नका.